मिठाचा हिशेब

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)



व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला संयोजकांनी रसायनशास्त्राच्या बाईंना बोलावलं, हे धाडसच म्हणायचं. परवा संतसाहित्य झालं, काल लोककला झाली, आणि आज अणू-रेणू. मागच्या चार रांगा मोकळ्या दिसताहेत, पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या माझ्या सरांच्या तासालाही त्या मोकळ्याच असायच्या. सगळ्यांना ते पुढे बोलवून घेत. तुम्हीही या पुढे.

माझ्यासाठी इथे पाण्याचा पेला ठेवलाय. मी घरून कागदाची पुडी आणली आहे. खडे मीठ आहे, पेण-उरणच्या बाजूचं. त्यातले चार खडे या पेल्यात टाकते. ढवळणार नाही. व्याख्यान संपेपर्यंत ते तिथेच राहू देत.

मीठ आणण्याला कारण आहे. अकरावीत असताना मी सरांच्या फळ्यावर मिठाचं सूत्र लिहिलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "एक सोडियम, एक क्लोरीन, झाला मिठाचा रेणू." सरांनी टेबलाच्या खणातून चिमूटभर मीठ काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "यातला एक रेणू दाखव." मी म्हटलं, "सर, एवढा बारीक दिसणार कसा?" "दिसू दे नाहीतर न दिसू दे. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, तेवढं सांग. या सोडियमचा क्लोरीन कुठला? डावीकडचा, उजवीकडचा, की वरचा?" मला उत्तर आलं नाही. सरांनीही सांगितलं नाही. आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी उभी आहे. थोडा उशीर झाला, एवढंच.

दहावीच्या पुस्तकातली गोष्ट आपल्याला पाठ असते. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात. सोडियमला तो एक नकोसा, क्लोरीनला एक हवासा. देणंघेणं झालं, दोघांचं अष्टक पुरं झालं, दोघंही सुखी. ही गोष्ट मी स्वतः वर्गात वर्षानुवर्षं सांगितली, कारण परीक्षेत तीच विचारतात. मुलांनाही ती आवडते. पत्रिका जुळवल्यासारखी आहे. आज मात्र आपण तिचा हिशेब मांडू.

हिशेबाला माप हवं. ५८.५ ग्रॅम मीठ धरू, म्हणजे तीन-चार मोठे चमचे. रसायनवाले याला एक मोल म्हणतात. ऊर्जा किलोज्यूलमध्ये मोजू. लिटरभर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता खर्चाची बाजू. सोडियम हा धातू आहे. त्याचे अणू एकमेकांपासून सुटे करायला १०८ किलोज्यूल लागतात. क्लोरीन वायूत अणू जोडीनं राहतात. ती जोडी फोडून आपल्याला हवे तेवढे अणू मिळवायचे तर १२१. आणि सोडियमच्या अणूपासून तो 'नकोसा' इलेक्ट्रॉन बाहेर काढायला? ४९६! नकोशा वस्तूसाठी कुणी इतकं झुंजत नाही. खर्चाची बेरीज झाली ७२५. क्लोरीननं इलेक्ट्रॉन स्वीकारला की परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे देणंघेणं पुरं झालं, दोघांची अष्टकं भरली, आणि वहीत उरला ३७६ किलोज्यूलचा तोटा. पुस्तकातली गोष्ट जिथे आनंदानं संपते, तिथे दुकान बुडालेलं असतं.

तरीही क्लोरीन वायूत सोडियमचा तुकडा जळतो तेव्हा पिवळाधमक उजेड पडतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. ती येते कुठून?

हा जमाखर्च १९१९ साली जर्मनीत माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी मांडला. म्हणून त्याला बॉर्न-हाबर चक्र म्हणतात. हाबरचं नाव घेतलं की एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या चार वर्षं आधी, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ याच हाबरच्या देखरेखीखाली क्लोरीन वायू सैनिकांच्या खंदकांवर सोडण्यात आला होता. माणसाची फुप्फुसं जाळणारा तो क्लोरीन आणि आपल्या आमटीतला क्लोरीन यांच्यात फरक एका इलेक्ट्रॉनचा. बंध जुळणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

तर, तोटा भरून कसा निघतो? इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम आता धनप्रभारित, तो मिळालेला क्लोरीन ऋणप्रभारित. त्यांना आपण आयन म्हणतो. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. पण ही ओढ फक्त एका जोडीपुरती राहत नाही. प्रभाराला दिशा नसते. तो चहूबाजूंनी ओढतो. एका सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड बसतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. त्या प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडियम. बुद्धिबळाचा पट तिन्ही दिशांना वाढवत न्यावा तशी ही रचना. शेजारी विरुद्ध प्रभाराचे, त्यांच्या पलीकडचे आपल्याच प्रभाराचे, त्यांच्या पलीकडचे पुन्हा विरुद्ध. ओढणारे जवळ, ढकलणारे जरा लांब. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केली की तेवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीच्या पावणेदोन पट ओढ निघते. हा पावणेदोनचा आकडा १९१८ साली एर्विन माडेलुंगनं काढला. गणितात तो १.७४७६ असा भरतो.

या रचनेतून मिळतात ७८७ किलोज्यूल. त्यातून ३७६ चा तोटा वजा केला की ४११ निव्वळ नफा. बर्फासारखं गार लिटरभर पाणी उकळीच्या जवळ आणेल इतकी ऊर्जा. दोघांच्या सौद्यात खोट आली होती. नफा झाला तो सगळी वस्ती बसल्यावर. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बंध ही अणूंची इच्छा नाही आणि दोघांच्या मध्ये बांधलेली दोरीही नाही. एकत्र बसल्यावर ऊर्जेचा ताळेबंद खाली उतरतो, त्या उतरण्याला आपण बंध म्हणतो.

मग सरांचा प्रश्न. या सोडियमचा क्लोरीन कुठला? सहापैकी कुठलाच नाही, आणि सहाही. १९१३ मध्ये तेवीस वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगनं क्ष-किरणांनी मिठाची रचना उलगडली, तेव्हा त्यात सोडियम-क्लोरीनची वेगळी जोडी दिसलीच नाही. मिठाच्या स्फटिकात रेणू नसतो. एक मिलिमीटरचा घनाकार खडा घ्या. त्याच्या एका कडेवर सुमारे पस्तीस लाख आयन ओळीनं उभे असतात आणि कुणाची जोडी कुणाशी हे ठरवता येत नाही. रसायनशास्त्रातल्या ज्येष्ठांना हे पचायला जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधले नामवंत रसायनज्ञ. १९२७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची ही विटंबना थांबवा, अशा अर्थाची तक्रार केली. मला त्यांचा राग येत नाही. फळ्यापाशी उभी असताना मीही त्यांच्याच पक्षात होते.

माझे आजोबा मिठागरात कामाला होते. उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात दाट करायचं. वारा पडलेल्या दुपारी शेवटच्या वाफ्यात पाण्यावर पातळ, चौकोनी पापुद्रे तरंगायला लागायचे. सगळे चौकोनीच. एकही गोल नाही. आजोबांना बुद्धिबळाचा पट ठाऊक नव्हता, पण मीठ धरलं की ते कोपऱ्यांनी धरतं, हे त्यांनी मला दाखवलं होतं. आतली मांडणी काटकोनातली, म्हणून बाहेरचा खडाही काटकोनी.

आजी दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकायची. मीठ तडतडलं की म्हणायची, बघ, किती दृष्ट लागली होती. ते तडतडणं खड्याच्या पोटात अडकलेल्या खाऱ्या पाण्याचं. त्याची वाफ होते आणि खडा फुटतो. मीठ मात्र तसंच राहतं. ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. वस्ती इतकी घट्ट आहे. त्याच मिठावर बत्ता मारला तर मात्र चुरा. थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, ओढणारे ढकलायला लागतात आणि खडा सरळ रेषेत दुभंगतो.

आता पुण्याच्या तांबट आळीत चला. तिथे तांब्यावर दिवसभर ठोके पडायचे आणि तांबं फुटायचं नाही, पसरायचं. धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, ते सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात. थर सरकला तरी ते सोबत सरकतात, त्यामुळे समोर कोण आलं याला महत्त्व राहत नाही. हंड्याला घाट येतो तो या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. हातात धरलेला तांब्याचा पेला चहानं चटकन पोळतो, तोही मुख्यतः त्यांच्यामुळेच.

मीठ आणि तांबं झालं. पण आपण स्वतः, हे लाकूड, साखर, तूप, कापूस या बंधांवर उभे नाही. तिथे इलेक्ट्रॉन सामाईक असतो. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे गिल्बर्ट लुईसनं मांडलं की दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. आपण त्याला सहसंयुज बंध म्हणतो. मुलं वहीत टिंबं-टिंबं काढतात ती लुईसची. पण ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन जोडीनं का राहावेत? ते तर एकमेकांना ढकलतात. लुईसकडे याचं उत्तर नव्हतं, आणि त्यानं ते असल्याचा आवही आणला नाही.

उत्तर आलं १९२७ मध्ये झुरिकमध्ये. वाल्टर हाइटलर नावाचा तरुण एका दिवशी उशिरा उठला, जेवला, काम होईना म्हणून पुन्हा झोपला आणि संध्याकाळी पाचला जागा झाला तेव्हा हायड्रोजनच्या दोन अणूंचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्यानं मित्र फ्रिट्झ लंडनला गाठलं. दुपारच्या झोपेला आपल्याकडे उगीच नावं ठेवतात. दोघांनी श्रोडिंगरचं नवं समीकरण हायड्रोजनच्या जोडीला लावलं. इलेक्ट्रॉन हे टिंब नाही, त्याची लाट असते. दोन अणू जवळ आले की दोन लाटा एकमेकींत मिसळतात. दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी, म्हणजे स्पिन, परस्परविरुद्ध असेल तर दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत त्यांची दाटी होते आणि ऊर्जा खाली येते. फिरकी सारखी असेल तर मधली जागा ओस पडते आणि अणू दूर जातात. त्यांच्या पहिल्या गणितानं खऱ्या बंधशक्तीचा बराचसा भाग हाती दिला. महत्त्वाचं म्हणजे तिसरा हायड्रोजन जवळ आला तर त्याला जागा का मिळत नाही, तेही कळलं. फिरक्या दोनच, आणि त्या जोडीत गुंतलेल्या. मिठाच्या वस्तीत कितीही जण येऊ शकतात. इथे मात्र हात मोजके. संयुजा हा शब्द आपण पाठ करतो, त्याचं मूळ हे.

बंध म्हणजे बांधलेली दोरी नाही असं मी म्हटलं, त्याचा रोजचा पुरावा स्वयंपाकघरात आहे. माझ्या हुशार विद्यार्थ्यांची ठरलेली चूक: "गॅसच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती बाहेर येते." अगदी उलट. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, आणि जुळला की ती मिळते. याला अपवाद नाही. पाइपमधून येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या एका मोलामधले कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायला सुमारे १६५० किलोज्यूल, हवेतल्या ऑक्सिजनचे दोन रेणू फोडायला सुमारे १०००. खर्च २६५०. मग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होताना नवे बंध जुळतात, त्यातून मिळतात सुमारे ३४५०. उरलेल्या ८०० वर कुकरची शिट्टी होते. गॅस पेटवायला ठिणगी लागते ती पहिल्या तोडफोडीची सुरुवात करायला. जाळ हा तुटण्याचा नसतो, आधीपेक्षा घट्ट जुळण्याचा असतो.

आता या पेल्याकडे पाहा. खड्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचे हायड्रोजनशी दोन सहसंयुज बंध असतात, १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले. जोडी सामाईक असली तरी वाटणी सारखी नसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे त्याच्या बाजूला थोडा ऋणप्रभार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्या रेणूच्या ऑक्सिजनकडे झुकतो. हा हायड्रोजन बंध. १९२० मध्ये बर्कलीतच लॅटिमर आणि रोडबुश यांनी पाण्याच्या संदर्भात तो मांडला. सहसंयुज बंधाच्या मानानं तो अगदी दुबळा, विसाव्या हिश्शाच्या आसपास, आणि क्षणोक्षणी तुटून पुन्हा जुळणारा. पण त्याचा प्रताप बघा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांलाच उकळतो. पाणी १०० अंशांपर्यंत टिकतं ते या हलक्या शेजारधर्मामुळे. बर्फात तर प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरतो, मधे पोकळ्या राहतात, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो.

याहूनही हलकी ओढ असते. १८७३ मध्ये व्हान डर वाल्सनं वायूंचा अभ्यास करताना ती ओळखली आणि १९३० मध्ये त्याच फ्रिट्झ लंडननं तिचं कारण दिलं. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजाऱ्याचेही त्याला साथ देत झुकतात, आणि क्षणापुरतं आकर्षण निर्माण होतं. या हॉलच्या छतावर ट्यूबलाइटजवळ एक पाल आहे. मघापासून मी तिच्याकडे बघते आहे. तिच्या नात्यातल्या टोके पालीच्या एका पावलावर पाच लाखांच्या आसपास केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. २००० सालापासून अमेरिकेत केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसलं की तिथे डिंक नाही, पोकळीची ओढही नाही. मुख्यतः ही हलकी ओढच, पण कोट्यवधी ठिकाणी एकाच वेळी. पाल तुमच्या अंगावर पडत नाही, याचे आभार लंडनचे माना.

आणि पेला? ८०१ अंशांनाही जेमतेम वितळणारं मीठ खोलीतल्या पाण्यात निमूट विरघळतं. पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजन करून आणि क्लोराइडकडे हायड्रोजन करून घोळका करतात. वस्ती मोडायला ७८७ लागतात, पाण्याच्या घोळक्यांतून मिळतात ७८३. म्हणजे चार किलोज्यूलचा तोटाच. म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. मग तोट्यात विरघळतंच का? इथे माझा हिशेब अपुरा पडतो, आणि तो अपुरा आहे हे सांगितल्याशिवाय व्यासपीठावरून उतरणं बरं नाही. निसर्ग फक्त ऊर्जा मोजत नाही. एखादी स्थिती किती प्रकारांनी मांडता येते, हेही मोजतो. खड्यात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली. पाण्यात तो कुठेही असू शकतो. या असंख्य शक्यतांचं पारडं चार किलोज्यूलपेक्षा जड ठरतं. त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. मिठागरातलं ऊन पाणी उडवून तेच पारडं पुन्हा उलटं फिरवतं, आणि आजोबांच्या वाफ्यात चौकोनी पापुद्रे येतात.

सर, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खड्यात मिठाचा रेणू नाही. पाण्यातही नाही, तिथे आयन सुटे असतात. पण मीठ चौदाशे अंशांच्या पुढे तापवून त्याची वाफ केली, तर त्या वाफेत एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी जोडी खरोखर सापडते. माझं फळ्यावरचं सूत्र तिथे खरं ठरतं. त्या जोडीतलं अंतर मोजलं आहे: ०.२३६ नॅनोमीटर. खड्यात तेच अंतर ०.२८२. एकटे पडल्यावर दोघं एकमेकांना अधिक जवळ धरतात, तरी त्यांचे आयन सुटे करायला साडेपाचशे किलोज्यूलच पुरतात. खड्यात ते थोडे लांब उभे असतात, आणि तिथे ७८७ मोजावे लागतात.

पेल्यातले खडे मघाशी चार होते. आता दोन उरले आहेत, तेही गोल झाले आहेत. मला तहान लागली आहे, पण हे पाणी पिता येणार नाही. कुणीतरी दुसरा पेला आणा.